पार्कर यानाच्या विस्पर कॅमेऱ्याची चित्रं: सूर्य चौकटीत का नाही, आणि अंतरं कशी मोजायची?

धागाकर्ता: खगोलखिडकी

सूर्याजवळ जाणाऱ्या नासाच्या पार्कर सोलर प्रोब यानावरच्या विस्पर या कॅमेऱ्याच्या आठव्या फेरीच्या (एप्रिल २०२१) फिट्स फाइल्स (खगोलचित्रांचा नेहमीचा साचा) उतरवून घेतल्या आहेत. लेव्हल ३, म्हणजे पार्श्वभूमी वजा केलेल्या. पायथन आणि तिची ॲस्ट्रोपाय, सनपाय ही साधनं वापरतो आहे. सोहो यानावरच्या लॅस्को या सूर्यबिंब झाकणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं हाताळायची सवय आहे, त्यामुळे हेही तसंच असेल असं वाटलं होतं, पण चार ठिकाणी गाडी अडली.

१. यान सूर्याच्या इतकं जवळ जातं, मग कॅमेरा सूर्यापासून १३.५ अंश बाजूला का पाहतो? यानाच्या उष्णतारोधक ढालीला भोक पाडून थेट बिंब टिपता आलं नसतं का? सोलर ऑर्बिटर (सूर्याचं दुसरं एक यान) तर तेच करतो.

२. चौकटीची डावी कड सूर्यापासून किती सूर्यत्रिज्यांवर आहे? लॅस्कोत एक पिक्सेल म्हणजे ठरलेलं अंतर असतं. इथे प्रत्येक दिवशी वेगळं उत्तर येतंय.

३. लागोपाठच्या दोन फ्रेम वजा केल्या की ताऱ्यांचे काळे-पांढरे ठिपके आणि लांब रेघाच रेघा उरतात. कोरोना (सूर्याभोवतीचं तप्त, विरळ वातावरण) कुठेच दिसत नाही.

४. लेव्हल ३ मधल्या तेजस्वितेवरून इलेक्ट्रॉनांची घनता काढता येईल का?

---

कक्षाकोन

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिघांचं मूळ तिथेच आहे.

आधी उष्णतेचा हिशोब. २४ डिसेंबर २०२४ ला यान सूर्यकेंद्रापासून ९.८६ सूर्यत्रिज्यांवर होतं. पृथ्वी साधारण २१५ सूर्यत्रिज्यांवर आहे. भागाकार २१.८, त्याचा वर्ग ४७५. पृथ्वीपाशी चौरस मीटरला १३६१ वॅट येतात, तिथे सुमारे ६५० किलोवॅट. आता ढालीला ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलं असं समजा. त्यातून जवळजवळ १.३ किलोवॅट आत येतील. म्हणजे कॅमेऱ्याच्या डब्यात एक शेगडी कायमची चालू. सोलर ऑर्बिटर ०.२८ खगोलीय एककापर्यंतच जातो (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). तिथे उष्णता पृथ्वीच्या तेरापट भरते आणि त्याच भोकातून ३४ वॅट येतात. खिडक्या, झडपा, फिल्टर हे सगळं त्या आकड्यावर जमवता येतं. पार्करला जमत नाही.

पार्करची ढाल म्हणजे कार्बन-कार्बन संमिश्राच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये कार्बनचा फेस. जाडी साडेअकरा सेंटिमीटर, व्यास २.४ मीटर, वजन ७३ किलोच्या आत. समोरची बाजू जवळपास १४०० अंश सेल्सिअस सोसेल अशी बनवली आहे आणि मागे उपकरणं खोलीच्या तापमानाच्या आसपास राहतात. ही किमया ढाल सलग आहे म्हणूनच होते. यान थोडं जरी कललं तरी सावलीची कड सरकते. ते ताबडतोब कळावं म्हणून बाजूंना सात सूर्यकडा-संवेदक बसवले आहेत. पृथ्वीवरून आज्ञा पोहोचायला मिनिटं लागतात, शिवाय उपसूर्य बिंदूच्या (कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागेच्या) दिवसांत संपर्कच नसतो. त्यामुळे तोल सावरण्याचं काम यान स्वतःच करतं.

आता १३.५ अंश का? ९.८६ त्रिज्यांवरून सूर्याची कोनीय त्रिज्या ५.८ अंश असते, म्हणजे बिंब साडेअकरा अंशांहून थोडं जास्त रुंद. पृथ्वीवरून ते अर्धा अंश दिसतं. ढालीने हे बिंब तर झाकायचंच, शिवाय कलण्याची सूट ठेवायची आणि ढालीच्या कडेवरून विवर्तनाने वळणारा प्रकाशही अडवायचा. विस्पर ढालीच्या मागे, यानाच्या बाजूला बसवला आहे आणि ढालीची कड हाच त्याचा पहिला अडसर. त्यामागे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पट्ट्यांची पायरीपायरीची रांग आहे. पुढची कड जो भरकटलेला प्रकाश सोडते तो मागची अडवते. शिवाय ढालीच्या सावलीबाहेर विद्युत क्षेत्र मोजणाऱ्या चार लांब अँटेना आहेत. त्यांच्यावर ऊन पडतं, म्हणून त्यांच्याकडून विखुरणाऱ्या प्रकाशाचाही बंदोबस्त करावा लागतो. आतल्या दुर्बिणीचं क्षेत्र १३.५ ते ५३ अंश आणि बाहेरच्या दुर्बिणीचं ५० ते १०८ अंश आहे. मधले तीन अंश दोन्हींत येतात. जोडचित्रात सांधा दिसतो तो तिथे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा कॅमेरा सूर्याचा नाही, यानाच्या पुढ्यातल्या सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांचा आहे. तो बसवलाय तोही यान ज्या बाजूला धावतं त्या बाजूला. म्हणजे आधी एखादी रचना दिसते, मग यान तिच्यातून जातं आणि बाकीची उपकरणं तिचं चुंबकीय क्षेत्र आणि कण मोजतात.

---

पिक्सेलपंत

कक्षाकोन यांनी दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊनच टाकलंय. उरलेलं अर्धं असं.

दृष्टिरेषा सूर्याच्या सर्वांत जवळून जिथे जाते ते अंतर = यानाचं सूर्यकेंद्रापासूनचं अंतर × कोनीय अंतराचा साइन. यानाचं अंतर हेडरमधल्या (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या) डीसन_ऑब्स (DSUN_OBS) या नोंदीत मीटरमध्ये असतं. त्याला ६९.६ कोटींनी भागलं की सूर्यत्रिज्या.

आतल्या दुर्बिणीच्या दोन्ही कडा (१३.५ आणि ५३ अंश) वेगवेगळ्या फेऱ्यांत कुठे पडतात ते पाहा:

पहिली फेरी, नोव्हेंबर २०१८, यान ३५.७ त्रिज्यांवर: ८.३ ते २८.५
आठवी फेरी, एप्रिल २०२१, यान १५.९ त्रिज्यांवर: ३.७ ते १२.७
डिसेंबर २०२४, यान ९.८६ त्रिज्यांवर: २.३ ते ७.९

हे फक्त उपसूर्य बिंदूचे आकडे. आधी-नंतरच्या दिवसांत यान झपाट्याने आत येतं आणि बाहेर जातं, त्यामुळे तोच पिक्सेल सकाळी ४ त्रिज्या दाखवेल आणि दुसऱ्या दिवशी ६. म्हणून "एक पिक्सेल = इतकं अंतर" असा तक्ता एकदाच बनवून ठेवू नका. प्रत्येक फ्रेमसाठी हेडर वाचायचं.

तीन सापळे.

पहिला, वरचं सूत्र ९० अंशांपर्यंतच. त्यापलीकडे दृष्टिरेषा सूर्यापासून दूरच जात असते आणि तिच्यावरचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे खुद्द यान. बाहेरची दुर्बीण १०८ अंशांपर्यंत पाहते, तिथे साइन लावला तर अंतर पुन्हा कमी होताना दिसेल. ते निव्वळ खोटं.

दुसरा, प्रोजेक्शन, म्हणजे गोल आकाश सपाट चित्रावर आणण्याची रीत. चाळीस-साठ अंशांच्या चौकटीत "मधल्या पिक्सेलपासून इतके पिक्सेल गुणिले इतके आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग)" हा हिशोब कोपऱ्यांत साफ चुकतो. हेडरमध्ये दिलेलं प्रोजेक्शन आणि त्याचे सहगुणक जसेच्या तसे वापरा. सनपायमध्ये विस्परचा नकाशा-वर्ग आहे, तो हे करतो. हाताने फक्त पिक्सेलचा माग ठेवा: आतल्या दुर्बिणीचा मूळ पिक्सेल सुमारे १.२ आर्कमिनिट, बाहेरच्या दुर्बिणीचा १.७. संवेदक २०४८ × १९२० चा आहे, पण उतरवलेल्या बहुतेक फाइल्स दोन-बाय-दोन जोडलेल्या म्हणजे १०२४ × ९६० च्या असतात. तेव्हा पिक्सेल दुप्पट धरा.

तिसरा सापळा बातम्यांतला. ६१ लाख किलोमीटर हे अंतर सूर्याच्या *पृष्ठभागापासून* आहे, ९.८६ त्रिज्या *केंद्रापासून*. दोन्ही बरोबर, पण एका सूत्रात मिसळले की एका त्रिज्येची चूक. डीसन_ऑब्स केंद्रापासूनच असतं.

---

धूलिरेखा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फ्रेम वजाबाकी लॅस्कोत चालते, कारण एल-१ बिंदूवरून (पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला, सोहो असतो तिथून) ताऱ्यांचं मैदान दिवसाला एक अंश सरकतं. पार्करचं तसं नाही. आठव्या फेरीत उपसूर्य बिंदूला वेग सेकंदाला सुमारे १४७ किमी होता, अंतर १५.९ त्रिज्या. यावरून सूर्याभोवतीचा कोनीय वेग तासाला २.७५ अंश निघतो. ढाल सतत सूर्याकडे ठेवायची असल्यामुळे यानही त्याच वेगाने वळतं आणि तारे चौकटीतून त्याच वेगाने वाहतात. जोडलेल्या पिक्सेलच्या मापात मिनिटाला एक पिक्सेलहून थोडं जास्त. दोन फ्रेममध्ये पंधरा मिनिटं असली तर तारा सोळा-सतरा पिक्सेल पुढे गेलेला असतो. वजाबाकीत प्रत्येक ताऱ्याची एक पांढरी आणि एक काळी खूण उरणारच. डिसेंबर २०२४ मध्ये हाच वेग तासाला जवळपास पावणेसहा अंश होता. तिथे अर्ध्या मिनिटात तारा पिक्सेल ओलांडतो, म्हणजे लांब एक्स्पोजरमध्ये तारा मुळातच रेघ होऊन येतो. आणखी एक, यानावर अनेक छोटी एक्स्पोजर बेरीज करून एक फ्रेम बनते. फ्रेमची वेळ बघताना बेरजेचा पूर्ण कालावधी धरायला हवा.

त्यात कोरोना स्वतः स्थिर नाही. सेकंदाला ३०० किमी वेगाने निघालेला वायूचा ढेकूळ पंधरा मिनिटांत ०.३९ त्रिज्या जातो. ३० अंशांच्या दिशेला, यानापासून १३.८ त्रिज्यांवर, हे १.६ अंश होतात. म्हणजे चाळीसेक पिक्सेल! तारे सोळा, ढेकूळ चाळीस. वजाबाकी कशातून काय उरवणार?

लांब रेघांचं कारण वेगळं. धुळीचे कण यानावर प्रचंड वेगाने आदळतात आणि यानाच्या आवरणाचे बारीक तुकडे उडतात. ते तुकडे कॅमेऱ्यासमोरून उन्हात चमकत जातात. ओळखायची खूण: रेघ एकाच फ्रेममध्ये असते, बऱ्याचदा अनेक रेघा एकाच ठिकाणाहून फुटलेल्या दिसतात आणि मागे वाढवल्या की यानाच्या अंगाकडे जातात. त्यांना धूमकेतू समजू नका. धूमकेतू पुढच्या फ्रेममध्येही असतो आणि ताऱ्यांच्या हिशोबाने थोडाच सरकलेला असतो.

प्रक्रियेचा क्रम असा ठेवा:

१. फाइल्स दुर्बिणीनुसार आणि आकारानुसार वेगळ्या करा. एकाच गठ्ठ्यात पूर्ण क्षेत्र आणि अर्धं क्षेत्र मिसळलं की पुढचं सगळं बिघडतं.

२. प्रत्येक फ्रेमवर ७ × ७ पिक्सेलची मध्यक गाळणी (मीडियन फिल्टर) लावा आणि मूळ चित्रातून वजा करा. उरेल ते बारीकसारीक: तारे, वैश्विक किरणांचे डाग, रेघा.

३. या उरलेल्या चित्रात मध्यकापासूनच्या निरपेक्ष विचलनाच्या पाचपटीहून मोठे पिक्सेल निवडा. तोच पिक्सेल आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये उजळ *नसेल* तरच तो डाग म्हणून धरा आणि गाळलेल्या चित्रातल्या किमतीने भरा. तारे फ्रेमगणिक जागा बदलतात, त्यामुळे तेही याच चाळणीत अडकतात.

४. सरळ तीन फ्रेमचा मध्यक घेऊ नका. तो तारेही पुसतो, पण वर सांगितल्याप्रमाणे सीएमईची (सूर्यातून उसळून बाहेर पडणाऱ्या प्रचंड वायुढगाची) पुढची कडही खातो. आकाराची अट (सात पिक्सेलहून लहान) म्हणून हवी.

५. रुंद, फिकट रेघा चाळणीतून सुटतात. कण कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे त्या फोकसबाहेर पसरतात. अशी फ्रेम फुकट गेली समजा आणि टाकून द्या. दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

६. आकाशगंगेचा पट्टा मात्र जाणार नाही. तो पसरट आहे आणि हळूहळू चौकटीतून आडवा जातो. नवशिक्यांना तो स्ट्रीमर (कोरोनातला लांब उजळ किरण) वाटतो. ताऱ्यांचा नकाशा वर ठेवून एकदा खात्री करा.

७. चलचित्र बनवताना सगळ्या फ्रेमना एकच उजळपणाची पट्टी द्या, शून्याभोवती सममित, पहिल्या ते नव्व्याण्णवाव्या शतमकाएवढी. फ्रेमगणिक आपोआप पट्टी बदलू दिली की चित्र लुकलुकतं आणि नसलेल्या लाटा दिसतात.

आणि रंग? विस्परला रंग नाही. आतली दुर्बीण साधारण ४९० ते ७४० नॅनोमीटरचा सगळा प्रकाश एकत्र मोजते. प्रसिद्ध झालेल्या चित्रांतला निळा-नारिंगी नंतर चढवलेला आहे.

---

खगोलखिडकी

धूलिरेखा, चाळणी लावली. तारे गेले. पण आता वेगळाच गोंधळ: २८-२९ एप्रिलच्या फ्रेममध्ये किरणांसारख्या पट्ट्या मधोमध येतात आणि मग काही वर, काही खाली पळतात, जणू फाटतात. हा चाळणीचा दोष का?

---

कक्षाकोन

दोष नाही, तेच तर खरं दृश्य! यान त्या स्ट्रीमरांच्या मधून जातंय. रस्त्याने धावताना लांबची झाडं क्षितिजाजवळ गोळा दिसतात आणि जवळ आली की दोन्हीकडे फाकतात, तसं.

आकडे घालून पाहा. एक किरण यानाच्या कक्षाप्रतलापासून एक सूर्यत्रिज्या वर आहे. यानापासून १० त्रिज्यांवर असताना तो ५.७ अंश वर दिसेल. अंतर ३ त्रिज्या झालं की १८.४ अंश. एक त्रिज्येवर ४५ अंश. किरण जागचा हललेलाही नाही. उलट बाजूने, पट्टी किती वेगाने वर चढते हे मोजून ती यानापासून किती लांब आहे ते काढता येतं. एकाच यानाच्या चित्रांवरून त्रिमितीय जागा ठरवण्याची हीच वाट आहे, फक्त रचना त्या काळात फारशी बदलत नाही असं गृहीत धरावं लागतं.

याच कारणाने स्टीरिओ या सूर्यनिरीक्षक यानांच्या चित्रांसाठी बनलेली वेळ-कोन आलेखांची सूत्रं इथे आंधळेपणाने लावू नका. त्यांत निरीक्षक जवळपास स्थिर धरलेला असतो. इथे ढेकूळ स्थिर वेगाने चालत असला तरी यान त्याच्याजवळ आल्यामुळे तो वेग घेतल्यासारखा दिसतो. डिसेंबर २०२४ च्या कक्षेत तर यान साधारण दोन दिवसांत सूर्याभोवती अर्धी फेरी मारतं. सूर्य स्वतः दिवसाला चौदा अंश फिरतो. दोन दिवसांचं चलचित्र पाहताना कोरोना बदलला की बघणाऱ्याची बाजू बदलली, हा प्रश्न दर फ्रेमला विचारावा लागतो.

---

सौरवारा_९

त्या २८ एप्रिलला यानाने "सूर्याला स्पर्श केला" ना? मग ती हद्द चित्रात कुठे शोधायची?

---

पिक्सेलपंत

चित्रात नाही. आल्फवेन पृष्ठभाग म्हणजे सौरवाऱ्याचा वेग चुंबकीय लहरींच्या वेगाला गाठतो ती हद्द. तिला ना रंग, ना कड. २८ एप्रिल २०२१ ला १८.८ त्रिज्यांवर यान तिच्या आत गेलं हे चुंबकमापक आणि कणमापकांच्या नोंदींवरून कळलं आणि ते त्या डिसेंबरात जाहीर झालं. ती हद्द गुळगुळीत गोलही नाही, यान काही वेळ आत आणि मग पुन्हा बाहेर होतं. चित्रांचा उपयोग वेगळा: यान त्या वेळी कुठल्या रचनेच्या शेजारी होतं हे ती सांगतात. "चित्रात हद्द दिसते" असं कुठे वाचलं असेल तर सोडून द्या.

---

धूलिरेखा

चौथा प्रश्न राहिलाय, आणि मला वाटतं लोक सर्वांत जास्त तिथेच फसतात. लेव्हल ३ वरून घनता काढू नका.

पांढऱ्या प्रकाशातला कोरोना दोन घटकांचा बनतो. के-कोरोना म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला सूर्यप्रकाश. इलेक्ट्रॉन दशलक्ष अंश तापमानाला इतके वेगाने धावतात की सूर्यवर्णपटातल्या काळ्या रेषा पुसल्या जातात. एफ-कोरोना म्हणजे धुळीने विखुरलेला. धूळ संथ, म्हणून त्या काळ्या (फ्राउनहोफर) रेषा शाबूत, आणि 'एफ' हे अक्षर त्यावरूनच. तुम्हाला हवी ती घनता के मध्ये आहे. विस्परच्या क्षेत्रात मात्र एफ त्याच्या दहापट ते शंभरपट उजळ असतो. एफच्या मापात एक टक्का चूक झाली तर के चं निम्मं किंवा सगळंच त्यात बुडू शकतं.

लॅस्कोत महिन्याभराच्या फ्रेममधली प्रत्येक पिक्सेलची किमान किंमत घेतली की पार्श्वभूमी मिळते. पार्करला तो मार्ग नाही, कारण यानाचं अंतर आणि दिशा तासातासाला बदलते, तोच पिक्सेल दोनदा तीच धूळ बघत नाही. म्हणून लेव्हल ३ मध्ये पार्श्वभूमी त्या-त्या चित्रातूनच, गुळगुळीत भाग वेगळा काढून, अंदाजली जाते. अशा अंदाजात एफसोबत के चा रुंद, गुळगुळीत भागही जातो. उरतात त्या कडा, किरण, ढेकळं. चित्र देखणं होतं, पण त्यातला शून्य हा खरा शून्य नाही. काही ठिकाणी ऋण तेजस्विताही दिसेल, ती याच कारणाने.

घनता हवीच असेल तर लेव्हल २ घ्या. तेजस्विता सूर्याच्या सरासरी बिंबतेजाच्या एककात दिलेली असते, तिचं मापन ताऱ्यांवरून तपासलेलं आहे. एफचं प्रतिमान स्वतः बसवा. पूर्वी सूर्याजवळ गेलेल्या हेलिओस यानांच्या मोजणीवरून धुळीचा प्रकाश यानाच्या अंतराच्या -२.३ घाताने वाढतो हे माहीत आहे, तिथून सुरुवात करा. पण साधारण १९ त्रिज्यांच्या आत हा नियम मोडतो. विस्परनेच दाखवलं की तिथून आत धूळ विरळ होत जाते. हेन्री नॉरिस रसेल यांनी १९२९ मध्ये सूर्याजवळ धूळ टिकणार नाही असं म्हटलं होतं, त्याची ही पहिली ठळक खूण. म्हणजे आतल्या भागात एकच घात लावलात तर एफ जास्त मोजला जाईल आणि के ऋण निघेल. अंतराचे तुकडे पाडून बसवा.

शिवाय धूळही शांत बसत नाही. ५ सप्टेंबर २०२२ ला यान एका प्रचंड सीएमईतून गेलं. त्या सीएमईने वाटेतली धूळ झाडून नेल्याचं विस्परच्या चित्रांत दिसलं. त्या फ्रेममध्ये "स्थिर एफ" हे गृहीतकच कोसळतं.

---

कक्षाकोन

धूलिरेखा यांच्या म्हणण्याला एक जोड, थोडा मतभेदही. घनता अगदीच निघत नाही असं नाही. एकाच अरुंद किरणाची शेजारच्या पट्टीच्या तुलनेतली *वाढीव* घनता लेव्हल ३ वरून अंदाजता येते, कारण अरुंद गोष्टी पार्श्वभूमीत फारशा जात नाहीत. अट एवढीच की किरणाची जाडी आणि जागा तुम्हाला आधी माहीत हवी.

इथे थॉमसन गोल उपयोगी पडतो. सूर्य-यान रेषा ज्याचा व्यास आहे तो गोल. विखुरलेला प्रकाश मुख्यतः त्याच्या आसपासच्या रुंद पट्ट्यातून येतो. पृथ्वीवरून हा गोल २१५ त्रिज्यांचा, म्हणून दृष्टिरेषेवर काय-काय मिसळतं त्याला धरबंध नसतो. ९.८६ त्रिज्यांवरून तो दहा त्रिज्यांहून लहान. मिसळ कमी, यानाजवळच्या गोष्टींचा वाटा जास्त. जवळ जाण्याचा खरा फायदा हा. चित्र मोठं दिसतं हा नव्हे. बिंबाचे बारकावे हवे असतील तर सोलर ऑर्बिटरची अतिनील दुर्बीण ०.२८ एककावरून पिक्सेलला सुमारे १०० किमी देते, त्यासाठी पार्कर लागत नाही.

पडताळा मात्र घ्याच. विस्परने आधी पाहिलेल्या रचनेतून यान गेलं की त्या क्षणाची घनता यानावरच्याच फील्ड्स उपकरणाच्या रेडिओ नोंदीत असते. प्लाझ्मा-वारंवारतेची रेषा शोधा: वारंवारता किलोहर्ट्झमध्ये = ८.९८ × घन सेंटिमीटरमागे इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ. रेषा ८९८ किलोहर्ट्झला दिसली तर घनता दहा हजार. चित्रावरून काढलेला आकडा याच्या दुपटीत-निमपटीत आला तर ठीक चाललंय. दहापट चुकला तर आधी एफचं प्रतिमान तपासा, मग किरणाची गृहीत जाडी. बहुधा पहिलंच निघतं.

---

खगोलखिडकी

लेव्हल २ उतरवायला लावलं आहे. एक शेवटचं: आतल्या आणि बाहेरच्या दुर्बिणीची चित्रं जोडताना ५०-५३ अंशांच्या पट्टीत तेजाची पायरी येते. सरळ गुणक लावून बसवू का?

---

पिक्सेलपंत

लेव्हल ३ मध्ये बसवलात तर दिसायला चालेल, मोजायला नाही. दोन्ही चित्रांची पार्श्वभूमी वेगवेगळी काढलेली असते, त्यामुळे पायरी गुणाकाराची नसून बेरजेची असते, आणि ती वरखाली एकसारखीही नसते. लेव्हल २ मध्ये जोडून बघा. तिथे पायरी उरली तर दोन गोष्टी तपासा: दोन्ही फ्रेमच्या मधल्या वेळा (काही मिनिटांचा फरक असला तर तारे जुळणारच नाहीत) आणि चौकटीच्या कडेचा मंदावलेला प्रकाश. कडेचे वीस-पंचवीस पिक्सेल कापून सांधा ५१.५ अंशांवर घ्या.

आणि जोडण्याआधी दोन्ही चित्रं एकाच कोनीय जाळीवर आणा. पिक्सेलची मापं १.२ आणि १.७, सरळ चिकटवली तर स्ट्रीमर सांध्यावर मोडलेला दिसेल.